सर्व चालेल

रुग्णालयाच्या तळघरात एका अरुंद बोळाच्या दोन बाजूंना दोन दारं होती. एका दाराआड स्वयंपाकघर, दुसऱ्या दाराआड ताटांवरची कार्डं छापायची खोली. स्वयंपाकघर थोरल्या सुनेच्या हाताखाली होतं आणि छपाईची खोली धाकटीच्या. एकाच घरातल्या दोन जावा एकाच तळघरात नोकरीला, म्हणून आचारी मंडळी त्या बोळाला 'सासर' म्हणत. "जरा सासरी जाऊन येतो," असं सांगून कुणी कार्डांचा गठ्ठा आणायला निघालं, की बाकीचे पातेली घासता घासता हसत.

थोरली अंगानं भरलेली, आवाजाची खणखणीत. चव घेताना डोळे मिटायची. धाकटी किरकोळ, कमी बोलणारी, चष्मा केसांत खोचून तोच टेबलावर शोधत बसणारी. दोघींचं एकमेकींशी वाईट नव्हतं. एकीनं घडी घातलेली चादर दुसरीनं उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीनं घडी घालायची, एवढंच.

कार्डाचं काम दिसायला लहान. प्रत्येक ताटावर एक कार्ड, त्यावर खाट, रुग्णाचं नाव, काय वर्ज्य आहे ते, आणि त्यामुळे आज ताटात काय वाढायचं ते. पूर्वी हे सगळं एकाच फाईलमध्ये असे आणि एकच कारकून ते भरत असे. मग वरच्या साहेबांनी ठरवलं, की ज्याचं काम त्यानं लिहावं. तेव्हापासून खाटांची फाईल प्रवेशकचेरीतून येऊ लागली. कोण कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर, हे तिच्यात. पथ्याची फाईल प्रत्येक वॉर्डाची वेगळी, ती तिथल्या सिस्टर भरत. आणि दिवसाचा बेत, म्हणजे कुठला पदार्थ आणि त्यात काय काय पडलंय, हे थोरली स्वतः लिहून देई. या सगळ्यातून एक कार्ड काढणं धाकटीकडे होतं. त्यासाठी तिनं एक्सएसएलटी नावाच्या भाषेत एक रूपांतर लिहिलं होतं. एका बाजूनं फायली आत, दुसऱ्या बाजूनं कार्डं बाहेर.

"एवढ्या फायली तुझं यंत्र एकदम वाचतं?" थोरलीनं सुरुवातीला विचारलं होतं.

"एकदम नाही, ताई. त्याच्या हातात एकच द्यायची असते. आपण खाटांची देतो. बाकीच्यांना नाव घेऊन हाक मारावी लागते."

"म्हणजे यजमान एक आणि बाकीचे पाहुणे."

"तसंच. आणि त्यात शोधायची एक सोय आहे, तिला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. रुग्णाचा नंबर सांगितला की त्याची नोंद क्षणात काढून देते. पण आपण ज्या फाईलमध्ये उभे असू, तिथेच शोधते. पाहुण्याकडची वस्तू हवी तर आधी पाहुण्याच्या घरात जाऊन उभं राहावं लागतं."

"यात नवल ते काय?" थोरली म्हणाली. "माझ्या डब्याचं झाकण माझ्याच फळीवर सापडणार. तुझ्या खोलीत शोधलं तर काय, तुझा चष्मा मिळणार?"

"तोही मिळत नाही," धाकटी म्हणाली.

त्या रूपांतरात पुढे एक ओळ वाढली ती थोरलीच्या सांगण्यावरून. ज्या रुग्णाला काही पथ्य नसे त्याच्या कार्डावर 'वर्ज्य' या शब्दापुढची जागा कोरी राही. वाढणारी मंडळी ते कार्ड घेऊन थोरलीकडे येत, थोरली बोळातून ओरडे.

"धाकटे! हे कोरं म्हणजे काय समजायचं आम्ही? पथ्य नाही, का शाई संपली, का तुझी डुलकी लागली?"

"पथ्य नाही."

"मग तसं लिही की तोंडानं! माझी माणसं काय अंतर्ज्ञानी आहेत?"

म्हणून धाकटीनं लिहिलं, की शोधून काही सापडलं नाही तर तिथे छापावं: सर्व चालेल. दुसऱ्या दिवसापासून बोळातल्या हाका बंद झाल्या. थोरलीनं स्वतः लिंबाचं सरबत पाठवलं. दोघींनाही ते शहाणपणाचं वाटलं. घराघरात असं होतच असतं. गप्प बसणाऱ्या माणसाला रोज काय चालतं, काय नाही, हे विचारायचा कंटाळा आला, की आपणच ठरवून टाकतो, त्यांना काय, काहीही चालतं.

त्यांच्या घरातही असं एक गप्प बसणारं माणूस होतं. सासूबाई.

सासूबाई एरवी चांगल्या बोलक्या होत्या, शेजारणींच्या भाषेत चार घरांना पुरतील एवढ्या. पण ताट समोर आलं की त्यांचं मौन सुरू होई आणि ताट रिकामं झालं की सुटे. ताटात काय आहे हे विचारायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, पानात काही टाकायचं नाही. जे आलं ते देवानं पाठवलं. तरुणपणी घेतलेला हा नेम त्यांनी आजारपणातही मोडला नव्हता. एकदा चुकून साखरेऐवजी मीठ पडलेला चहा त्यांनी शांतपणे संपवला आणि कप विसळून झाल्यावर थोरलीला म्हणाल्या, "आता दुसरा कर बाई, माणसांसाठी."

अडचण एकच होती. त्यांना तीळ सोसत नसत. एकदा कुणाकडे तरी जेवताना तिळाचं तेल पोटात गेलं आणि बघता बघता ओठ सुजले, घसा आवळला, श्वासाला शिट्टी लागली. त्या वेळी थोडक्यात निभावलं. त्यानंतर घरात तीळ उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेर कुठे जेवायला गेलं, की दोन्ही सुना आधी यजमानांच्या स्वयंपाकघरात शिरायच्या. एक विचारायची, दुसरी वास घ्यायची. मग दोघींपैकी एक बाहेर येऊन मान हलवी आणि सासूबाई ताटावर बसत. नेम त्यांचा होता, पण तो चालवत होत्या तिघीजणी. नेमाचं असंच असतं. एक माणूस डोळे मिटून बसतं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी दिव्यावर हात धरलेला असतो.

सासूबाई मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना याच रुग्णालयात आणलं. शस्त्रक्रिया नीट झाली. तळमजल्यावरच्या वॉर्डात खाट मिळाली. तिथल्या सिस्टरनं पथ्याच्या फाईलमध्ये नोंद केली आणि धाकटीनं ती उघडून डोळ्यांनी पाहिली. तीळ, तिळाचं तेल, घसा बंद होतो. कार्डं बिनचूक येऊ लागली.

पण तो वॉर्ड म्हणजे बाजार होता. समोरच्या खाटेवरच्या बाई फोनवर मोठ्यानं भांडत, ढकलखुर्च्या खडखडत, दार आपटे. सासूबाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण जेवताना त्यांच्या कपाळाला आठी पडते हे थोरलीनं पाहिलं. तिनं मोठ्या सिस्टरांच्या मागे लागून, त्यांच्या वाढदिवसाला केलेल्या केकची आठवण देऊन, सासूबाईंना सगळ्यात वरच्या मजल्यावर हलवून घेतलं. कोपऱ्यातली खाट, शेजारी खिडकी, खिडकीबाहेर झाडाचा शेंडा.

सकाळी हे उरकून ती खाली आली ती धाकटीच्या दारात उभी राहूनच बोलली.

"आईंना वर नेलं हो! अगदी राजवाड्यात नेऊन ठेवलंय. म्हणाल्या, थोरले, तुला माझ्या मनातलं बरोबर कळतं."

"बरं झालं," धाकटी म्हणाली.

"तू बस तुझं यंत्र ढवळत."

हे लागलं. दुपारच्या जेवणाची कार्डं छापून, गठ्ठे बांधून बोळापलीकडे दिल्यावर धाकटीच्या मनात आलं, की आपणही काहीतरी करावं. आईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांना कार्ड वाचता येत नाही असं थोरली कालच म्हणाली होती. उद्यापासून त्यांचं कार्ड मोठ्या अक्षरांत छापलं तर? यंत्र ढवळूनही माणसाच्या मनातलं कळतं, हे जावेला दिसलं असतं. तिनं आजच्या कार्डांतून सासूबाईंचं कार्ड पडद्यावर काढलं, अक्षर किती मोठं करता येईल ते पाहायला.

वरचा मजला. कोपऱ्यातली खाट. नाव बरोबर होतं. वर्ज्य: सर्व चालेल.

तिनं चष्मा केसांतून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, कुणीतरी नोंद पुसली. तिनं वरच्या वॉर्डाची पथ्याची फाईल उघडली. तिच्यात सासूबाईंचं नाव नव्हतं. मग तळमजल्याची उघडली. तिच्यात होतं, जसंच्या तसं. आणि मग तिला आपलंच लिहिलेलं सगळं समोर दिसलं. यंत्र खाटांच्या फाईलमधून वॉर्डाचं नाव घेतं, त्या वॉर्डाच्या पथ्याच्या फाईलला हाक मारतं, तिच्यात जाऊन उभं राहतं आणि नंबर शोधतं. सासूबाईंची खाट वर गेली होती. त्यांचं पथ्य खालीच राहिलं होतं. यंत्रानं वरच्या फाईलमध्ये शोधलं, सापडलं नाही, आणि 'सापडलं नाही'चं 'सर्व चालेल' करायला त्याला तिनंच शिकवलं होतं.

आजचा बेत तिनं सकाळीच वाचला होता. सूप, ब्रेड, पाकात शिजवलेलं फळ, उकडलेल्या भाज्या आणि त्यांवर तीळ वाटून केलेलं घट्ट सॉस.

ती बोळ ओलांडून गेली. स्वयंपाकघरात धुण्याचं पाणी वाहत होतं. ताटांच्या ढकलगाड्या उभ्या राहायची जागा मोकळी होती. एका हातात कालथा, दुसऱ्या हातात चमचा, थोरली उरलेल्या सूपची चव घेत होती, डोळे मिटून.

"ताई, आईंच्या ताटात तीळ गेलेत."

थोरलीनं डोळे उघडले. "छे. ते सॉस मी स्वतः पथ्याच्या ताटांवर घालू दिलं नाही. कार्ड बघूनच वाढतात."

"कार्डावर सर्व चालेल छापलंय."

"कुणी छापलं?"

"मी."

चमचा पातेल्यात पडला. थोरलीनं भिंतीवरचा फोन उचलून वरचा वॉर्ड लावला. घंटी वाजत राहिली. वाढायची वेळ, सगळ्या सिस्टर खाटांपाशी, टेबलाशी कोण असणार? तिनं फोन आपटला.

"पळ! तुझे पाय धड आहेत, माझ्या गुडघ्यांची बोंब आहे. लिफ्ट गाड्यांनी अडवलेली असेल, जिन्यानं जा!"

धाकटी जागची हलली नाही.

"ताई, तुम्ही जा. त्या एकट्या नाहीत."

"म्हणजे?"

"ज्यांना ज्यांना हलवलंय, त्या सगळ्यांची कार्डं अशीच निघाली असणार. ते कोण, कुठे, हे मला इथे बसल्याशिवाय कळणार नाही. आणि दुसऱ्या कुणालाही कळणार नाही."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. तोंडातून शब्द सुटलाच. "सासू तिकडे घास उचलतेय आणि तुला परक्यांचं पडलंय?"

"जा ना, ताई," धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही, पण हात जोडलेले होते.

थोरली गेली. ॲप्रन तसाच, हातात कालथा तसाच. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज येत राहिला, मग तोही येईना.

धाकटी खुर्चीत बसली. तिला पळता आलं असतं आणि पळणं सोपं होतं. पळणाऱ्याला निदान विचार करावा लागत नाही. इथे तिला आधी नीट विचार करायचा होता आणि मग नीट टाइप करायचं होतं. सासूबाई गाठोडं बांधताना किंवा औषध मोजताना देवाचं जे नाव तोंडातल्या तोंडात घेत, तेच आपण घेतोय, हे तिच्या थोड्या वेळानं लक्षात आलं. तिनं ते थांबवलं नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. यंत्रानं रुग्णाच्या वॉर्डाच्या एकाच फाईलला हाक मारण्याऐवजी सगळ्या वॉर्डांच्या फायलींना मारायची, प्रत्येकीत जाऊन उभं राहायचं, तोच नंबर प्रत्येकीत शोधायचा आणि जिथे जे मिळेल ते सगळं घेऊन यायचं. खाट कुठेही असो. तिनं वॉर्डांची नावं लिहिली, रूपांतर चालवलं. ते मध्येच थांबलं. एक फाईल मिळत नाही, म्हणालं. कुठली? मधला वॉर्ड. तो रंगकामासाठी बंद होता, त्याची फाईलच कुणी केली नव्हती. ते नाव खोडलं. पुन्हा चालवलं.

कार्डं आली. ज्यांच्यावर सकाळी सर्व चालेल होतं आणि आता दुसरं काही आलं होतं, तेवढीच तिनं वेगळी काढली. मूठभरच होती. एकाला मीठ बंद. एका बाईंना साखर बंद. आणि अतिदक्षता विभागातून सकाळीच बाहेर हलवलेले एक आजोबा. त्यांच्या कार्डावर होतं: फक्त पातळ, गिळता येत नाही.

तिनं आधी आजोबांचा वॉर्ड लावला. या वेळी कुणीतरी उचलला.

"तळघरातून बोलतेय, कार्डांच्या खोलीतून. दाराजवळच्या खाटेवरच्या आजोबांचं ताट उचला. आत्ता. त्यांना गिळता येत नाही."

"आजोबांचं? अहो, त्यांनी हातच लावला नाही. ब्रेडकडे बघून म्हणाले, हे मला खायला दिलंय का माझ्यावर फेकायला?"

"उचला ते. सूप तेवढं ठेवा, गाळून."

"कार्डावर तर सर्व चालेल..."

"कार्ड चुकलंय. कार्ड फाडा."

साखरेच्या बाईंनी पाकातलं फळ संपवलं होतं. तिथल्या सिस्टर जरा घुश्श्यात म्हणाल्या, की डॉक्टरांना सांगते, रक्त तपासून घेते, पण हे लेखी कळवा. धाकटी म्हणाली, कळवते, चूक माझी आहे असं लिहिते. मिठाचे गृहस्थ जेवून झोपले होते. त्यांचीही खबर डॉक्टरांकडे गेली. वरच्या वॉर्डाचं एकच कार्ड उरलं. तिथे तिनं फोन केला नाही. तिथे माणूस गेलं होतं. ते कार्ड हातात घेऊन ती जिना चढायला लागली, आणि मघाशी जे पाय तिनं जागच्या जागी धरून ठेवले होते ते आता दोन दोन पायऱ्या ओलांडू लागले.

वरचा वॉर्ड थोरली म्हणाली तसाच शांत होता. कोपऱ्यातल्या खाटेपाशी पडदा अर्धा ओढलेला. धाकटीनं तो बाजूला केला.

सासूबाई उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. रंग नेहमीचा. ओठ नेहमीचे. त्यांच्यासमोर ताट होतं आणि ताटाच्या पलीकडे, भेटायला येणाऱ्यांच्या स्टुलावर, थोरली. तिचा चेहरा लाल, केस सुटलेले, कालथा मांडीवर. आणि ती जेवत होती. सासूबाईंच्या ताटातल्या भाज्या, सॉससकट, ती बोटांनी उचलून तोंडात कोंबत होती. दुसऱ्या बाजूनं सासूबाई ब्रेडचा तुकडा चावत होत्या, शांतपणे, नजर थोरलीच्या पलीकडे खिडकीत. दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं.

"हे काय?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं भरल्या तोंडानं नुसता हात हलवला: थांब.

सगळं सांगितलं ते तिथल्या सिस्टरनं, हसू दाबत. "या धावत आल्या त्या इतक्या धापा टाकत, की शब्द फुटेना. नुसता ताटावर पंजा ठेवला. आजींचं सूप झालं होतं, ब्रेड चालू होता, भाजीकडे हात चाललाच होता. पण आजी ताट सोडेनात! या इकडे ओढतायत, त्या तिकडे. दोघी मुक्या. मला वाटलं, घरातलं काही जुनं भांडण आहे. मी म्हटलं, ताट नेते, तर आजींनी अशी काही मान हलवली..."

ताट अर्धं टाकून उठायचं नाही, हे सिस्टरला कुठून माहीत असणार? पण थोरलीला माहीत होतं. म्हणून ती स्टूल ओढून बसली आणि ताट रिकामं करायला लागली. तिळाचं सॉस एकाही घासात सासूबाईंच्या वाटेला गेलं नव्हतं. धाकटीच्या हातातलं नवं कार्ड वाचून सिस्टरनं तरी घसा पाहिला, श्वास ऐकला, इंजेक्शन टेबलावर तयार ठेवलं. त्याची गरज पडली नाही.

शेवटची फोड थोरलीनं गिळली. सासूबाईंनी ब्रेडचा कोपरा संपवला, ताटाकडे एकदा नीट पाहून घेतलं, पाण्यानं तोंड विसळलं, हात जोडले. मग म्हणाल्या,

"काय गं थोरले, घरी कधी माझ्याबरोबर एका ताटात बसली नाहीस ती?"

थोरलीला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी उचकी लागली. धाकटी पाणी द्यायला पुढे झाली.

"तीळ होते आई त्यात," धाकटी म्हणाली. "माझ्यामुळे. तुम्हाला खालून वर आणलं, पण तुमचं पथ्य खालच्या फाईलमध्येच राहिलं. माझ्या यंत्रानं वर शोधलं, मिळालं नाही, म्हणून लिहून टाकलं, सर्व चालेल."

"ते लिहायला मीच लावलं होतं," उचकीतून थोरली म्हणाली. "आणि वर हलवायचा हट्ट माझा. राजवाडा म्हणे."

"आणि मला म्हणालात, परक्यांचं पडलंय," धाकटी म्हणाली. हे तिला म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"म्हणाले. मग? होते का परके?"

"होते. एका आजोबांच्या घशात ब्रेड जाणार होता."

थोरलीनं ॲप्रनच्या टोकानं धाकटीच्या कपाळावरचा घाम पुसला, जरा जोरातच, पातेलं पुसावं तसा.

सासूबाई दोघींकडे पाहत होत्या. "म्हणजे चूक तुझी, आणि तुझीही," त्या म्हणाल्या. "आणि मी? मला तोंड नव्हतं? एवढी वर्षं मी समजत होते, मी काही विचारत नाही, सगळं त्याच्यावर सोडते. सोडलं होतं तुम्हा दोघींवर." त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. झाडाच्या शेंड्यावर वारा होता.

थोरली रिकामं ताट घेऊन उठली. जिना उतरताना ती कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होती आणि धाकटी तिच्या पुढे एक पायरी ठेवून चालत होती, पडलीच तर आपल्या अंगावर पडावी म्हणून. थोरलीनं ते पाहिलं. "अगं, मी पडले तर तुझा पापड होईल," ती म्हणाली, पण हात तिच्या खांद्यावर ठेवला.

खाली आल्यावर धाकटीनं साहेबांना पत्र लिहिलं, काय झालं, कुणाला काय गेलं, काय दुरुस्त केलं. मग तिनं रूपांतरातली ती ओळ काढली. थोरली मागे उभी राहून बघत होती.

"आता त्याच्या जागी काय?"

"पथ्य काही नाही असं सिस्टरनं स्वतः लिहिलं असेल, तरच सर्व चालेल येईल. कुठल्याच फाईलमध्ये नोंद मिळाली नाही, तर येईल: नोंद सापडली नाही, विचारा."

"मग आमची माणसं दिवसभर विचारतच बसतील."

"हो."

थोरलीनं सुस्कारा टाकला. "छाप," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बोळात पुन्हा हाका सुरू झाल्या. धाकटे, ही कोण? धाकटे, याला काय? स्वयंपाकघरातला फोन अखंड वाजत होता आणि थोरली एका हातानं तो कानाशी धरून दुसऱ्या हातानं वाढायला सांगत होती. "विचारा विचारा करून तुझ्या कार्डांनी माझा जीव खाल्ला," असं ती येता-जाता ऐकवत होती. पण एकही ताट विचारल्याशिवाय गाडीवर चढू देत नव्हती. साहेबांनी धाकटीला बोलावून बरंच सुनावलं. रुग्णाला हलवलं की त्याचं पथ्यही त्याच दिवशी हलवायचं, असा हुकूम सगळ्या वॉर्डांना गेला. साखरेच्या बाईंच्या रक्तातली साखर दोन दिवसांत ठिकाणावर आली.

दुपारी दोघी जावा वर गेल्या. ताटांची गाडी ढकलणारे मामा नुकतेच सासूबाईंच्या खाटेशी पोचले होते. त्यांनी ताट ठेवलं, कार्ड सरळ केलं. मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, तीळ वर्ज्य. सासूबाईंनी नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

"मामा," त्या म्हणाल्या, "यात काय काय आहे?"

मामांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ते गोंधळले, मग सावरून, पाठ म्हटल्यासारखं सगळं सांगायला लागले, सूपमध्ये काय, भातात काय, पलीकडच्या खाटेच्या ताटात काय, तिसऱ्याच्या काय. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं मौन सुरू झालं.

ताट बघून मान हलवायला दाराशी येऊन उभ्या असलेल्या दोघी तशाच परत फिरल्या.